उजेडाची थकबाकी



या वेळी कविता देत नाही. वीजबिलावर लिहितो आहे. कुणी म्हणेल, हा काय वाङ्मयाचा विषय झाला? ज्याच्या घरात बटण दाबलं की दिवा लागतोच, त्याच्यासाठी नसेलही. आमच्या गल्लीत बिल आलं की माणसं गप होतात. जिथं माणसं गप होतात तिथं वाङ्मय सुरू होतं असं मी समजतो.

मी जिनिंगला कामाला आहे. पहूर, जामनेर, शेंदुर्णी हा सगळा कापसाचा पट्टा. दिवाळी झाली की गाड्या लागतात, रेचे धडधडायला लागतात, रुईची भुकटी नाकातोंडात जाते. सरकी एकीकडे, रुई एकीकडे, गठाण बांधली की एकशे सत्तर किलोच्या आसपास भरते. बरीच वर्षं कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सूट असायची. वीज रात्री स्वस्त, म्हणून मजूर रात्री जागा. मालकाच्या मीटरला हंगाम कळतो, वेळ कळते, सवलत कळते. मार्च-एप्रिलात कापूस संपला की रेचे थांबतात आणि मुकादम म्हणतो, ‘आता दिवाळीले ये रे भो.’

आता हिशेब बघा. आमच्या हातात पैसा येतो हिवाळ्यात. बिल चढतं उन्हाळ्यात. जळगाव जिल्ह्याचा मे महिना ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसला टेकतो. आमचं घर पत्र्याचं. दुपारी तीनला पत्र्याखाली पाटीवर ठेवलेली भाकर परत गरम होते. माय ओलं लुगडं खिडकीला बांधते. पंचाहत्तर वॅटचा साधा पंखा वीस तास चालला तर दिवसाला दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस. जुना कूलर दोनशे वॅटचा धरा, बारा तासांचे महिन्याला बहात्तर. दोन्ही मिळून झाले एकशे सतरा. बल्ब आणि टीव्ही अजून धरलेच नाहीत. आणि शंभर युनिटच्या पुढं गेलं की पुढच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो. वर स्थिर आकार, वहन आकार, सोळा टक्के वीज शुल्क. म्हणजे काम नसलेल्या महिन्यात सगळ्यात मोठं बिल.

दारिद्र्यरेषेखालच्यांना वेगळा स्वस्त दर आहे, हे खरं. पण तो कुणाला? ज्याचा जोडभार ०.१ किलोवॅट, म्हणजे शंभर वॅट, आणि वापर महिन्याला तीस युनिट, वर्षाला तीनशेसाठच्या आत. तो पंचाहत्तर वॅटचा पंखा दिवसाला बारा तासच लावला तरी महिन्याचे सत्तावीस युनिट होतात. उरले तीन. तीन युनिटात पोरांनी अभ्यास करायचा. गरिबाला किती वारा लागतो हे ज्यानं ठरवलं, त्याला एकदा मे महिन्यात आमच्या गल्लीत पाहुणा म्हणून बोलावलं पाहिजे.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. मीटरचं रीडिंग घेणं बंद झालं, सरासरीनं बिलं निघाली आणि जूनमध्ये सगळं एकदम अंगावर आलं. तेव्हा राज्यात सवलत निघाली होती ती आठवा. जूनचं बिल एकरकमी भरलं तर दोन टक्के सूट, नाहीतर तीन हप्ते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला सूट आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला तीन महिने. कामच बंद होतं त्याला तीन महिन्यांत कुठून पैसे येणार, हे कुणी विचारलं नाही. नोव्हेंबरपर्यंत माफीची आशा दाखवली गेली. मग माफी नाही म्हणून सांगितलं. जानेवारी २०२१ ला थकबाकीदारांची वीज तोडायचा आदेश निघाला.

आमची तोडली फेब्रुवारीत. खांबावर माणूस चढला, सर्व्हिस वायर सोडली, गुंडाळी करून खाली टाकली. त्याच्यावर राग काढून उपयोग नव्हता, तोही कंत्राटी, आमच्याच वयाचा. नोटीस मोबाईलवर गेली होती म्हणे. कनेक्शन बापाच्या नावावर, मोबाईल नंबरही बापाचा. बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाला मेसेज गेला आणि जिवंत माणसांचा दिवा गेला.

बहीण तेव्हा दहावीला. वर्ग मोबाईलवर. मोबाईल स्टँडजवळच्या टपरीवर दहा रुपये देऊन चार्ज करून आणायचा. फेब्रुवारीतल्या रात्री आमच्याकडे गार असतात, ती गोधडीत बसून मोबाईलच्याच बॅटरीत पुस्तक वाचायची. मग सकाळी वर्गाला चार्जिंग उरायची नाही. रस्त्याच्या दिव्याखाली शिकून मोठं झालेल्यांच्या गोष्टी आता आम्हाला सांगू नका. बाबासाहेबांनी हाल सोसले ते आम्हाला परत सोसायला लागू नयेत म्हणून.

२ मार्चला विधानसभेत उपमुख्यमंत्री अजित पवारांनी जाहीर केलं, सभागृहात चर्चा होईपर्यंत वीजतोडणी थांबवतो. टपरीवर ऐकलं. १० मार्चला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, स्थगिती उठली. आठ दिवसांची दया. आमचं तर आधीच तुटलेलं, आम्हाला आठ दिवसही नव्हते.

मी ऑफिसात गेलो. कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही, सगळीकडं टेबल सारखंच असतं. म्हटलं हप्ते बांधून द्या, जिनिंग चालू आहे तोवर दर आठवड्याला भरतो. टेबलामागचा माणूस म्हणाला, निम्मे आज भर, बाकीचं साहेब आले की बघू, साहेबांच्या मनावर आहे. मित्रांनो, हे वाक्य ध्यानात ठेवा. साहेबांच्या मनावर आहे. पाटलाच्या मनावर, सावकाराच्या मनावर, आणि आता साहेबांच्या मनावर.

त्या रात्री पाळीला बसून मी मोबाईलवर वीज कायदा २००३ वाचला. भाषा लोखंडी, पण वाचता येते. कलम ५६. पैसे थकले तर वीज तोडता येते, पण आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि त्याच कलमात पुढं एक गोष्ट आहे. बिलाबद्दल तक्रार असेल तर ग्राहकानं निषेध नोंदवून पैसे भरायचे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, दोन्हींत जी कमी असेल ती. तेवढी भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. निषेध! हा शब्द आपण मोर्चात वापरतो. तो बिलाच्या कायद्यात लिहून ठेवलाय, आणि जून २०२० ला गावोगाव लोक बिलं घेऊन रडत होती तेव्हा एकाही पुढाऱ्यानं हा शब्द त्यांच्या हातात दिला नाही. दोन वर्षांच्या पलीकडच्या बाकीबद्दलही त्या कलमात आहे, पण ती बाकी दर बिलात सलग दाखवली असेल तर त्याचा आधार मिळत नाही. ते सोडा.

हप्त्याबद्दल मात्र कलमात अक्षर नाही. उन्हाळ्या-हिवाळ्याबद्दलही नाही. आपल्या कायद्याला ऋतू नाहीत.

दुसरीकडं आहेत. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च राहत्या घराची वीज थकबाकीसाठी तोडता येत नाही, २०१३ च्या कायद्यापासून. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे, तिथं १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल घर गरम ठेवणारी वीज किंवा गॅस तोडायला बंदी, आणि कंपनीला हप्ते बांधून द्यावे लागतात. तो स्वर्ग आहे असं नव्हे. १५ एप्रिल उलटला की तिथंही तोडणारे निघतात आणि बाकी माफ होत नाही. पण थंडीत माणूस मरू नये एवढं तरी त्यांनी कागदावर आणलं. आमच्या थंडीनं माणूस मरत नाही असं नाही, पण आमचा खरा मारेकरी ऊन आहे. त्याच अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात ऊनच ऊन. सप्टेंबर २०१८ ला तिथल्या एका बहात्तर वर्षांच्या म्हातारीची वीज तोडली. १७६ डॉलरची बाकी, त्यातले १२५ तिनं थोडे दिवस आधी भरले होते. राहिलेल्या एक्कावन्न डॉलरसाठी तोडली. त्या दिवशी तापमान ४१ अंशांच्या वर होतं. म्हातारी घरातच गेली. लोक उठले, आणि २०१९ ला तिथल्या आयोगानं १ जून ते १५ ऑक्टोबर तोडणी बंद केली.

४१ अंश. आमच्याकडं एप्रिलमध्ये ४१ झालं तर लोक म्हणतात, आज जरा बरं आहे.

आमच्या गल्लीत एक मावशी आहे. एकटी. तिचं कनेक्शन किती वर्षांपूर्वी कायमचं बंद झालं तिलाही आठवत नाही, ऑफिसच्या भाषेत ‘पीडी’. अशांसाठी अभय योजना निघतात. २०२२ ला विलासराव देशमुख अभय योजना निघाली, परत १ सप्टेंबर २०२४ पासून एक निघाली, ती वाढत ३१ मार्च २०२५ पर्यंत चालली. व्याज आणि विलंब आकार माफ, मूळ बाकीच्या तीस टक्के आधी भरा, बाकीचे सहा बिनव्याजी हप्ते. एकरकमी भरलं तर घरगुती ग्राहकाला दहा टक्के सूट. योजना वाईट नाही, मीच मावशीला सांगितलं. ती म्हणाली, ‘तीस टक्के आनू कुठून रे बाबा, निंदाईले बोलावतीन तवाच पैसा.’ खरंच आहे. सहा सारखे हप्ते पगारदाराला जमतात. ज्याला सहा महिने मजुरी आणि सहा महिने हात रिकामे, त्याला सारखा हप्ता म्हणजे दुसरी तोडणी.

आता ज्याच्यामुळं हा लेख लिहायला घेतला ते. १४ एप्रिल २०२१ ला, डॉ. नितीन राऊत ऊर्जामंत्री असताना, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना नवीन कनेक्शन, पाचशे रुपये अनामत आणि तीही पाच महिन्यांत हप्त्यानं. मुदत ६ डिसेंबरपर्यंत. जयंती ते महापरिनिर्वाण दिन. नाव बघून मी मावशीकडं पळत गेलो. अटी वाचल्या. जागेवर आधीची थकबाकी नसावी. म्हणजे ज्याच्या घरात कधीच दिवा नव्हता त्याला बाबासाहेबांच्या नावानं मिळेल. ज्याचा दिवा गरिबीनं गेला, त्याला नाही. योजनेला शिव्या देत नाही. शंभर रुपयांच्या हप्त्यावर घरात मीटर येणं ही मोठी गोष्ट आहे. पण अंधारातही अशी वर्गवारी केली जाते, हे लिहून ठेवलं पाहिजे.

बाबासाहेबांचं नाव घ्यायचं तर त्यांचं वीजेबद्दलचं म्हणणं पण घ्या. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजेच्या धोरण समितीपुढं त्यांनी मांडलं, की वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, त्याशिवाय या देशाला उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीतून सुटका नाही. ती सरकारच्या हातात असावी असंच त्यांचं मत. आपण जयंतीला त्यांच्या पुतळ्यावर रोषणाई करतो. त्या रोषणाईच्या धोरणाचा पाया घालणाऱ्यांत ते होते, हे आपल्याच पोरांना ठाऊक नाही.

आणि वीज काही लांबून येत नाही. भुसावळजवळ दीपनगर. आपल्याच जिल्ह्यात. पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन संच. नाव दीपनगर! राख जिल्ह्याची, पाणी जिल्ह्याचं.

शेतीपंपाची वीज साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत एप्रिल २०२४ पासून मोफत झाली. शेतकऱ्याला मिळालं त्याचं मला दुखत नाही, त्याच्या कापसावर माझं पोट आहे. पण ज्याला जमीनच नाही त्याला पंप कुठला? त्याच शेतात जी बाई वाकून निंदते, तिच्या घरी फक्त भिंतीवरचा मीटर आहे, आणि सवलत बांधापर्यंत येऊन थांबते. मग माणूस काय करतो? तारेवर आकडा टाकतो. पैशाची बाकी होती तोवर तो थकबाकीदार. आकडा टाकला की कलम १३५, चोर, तीन वर्षांपर्यंत कैद. शॉक लागून मेला तर तेही त्याच्याच नावावर. आकडा टाकू नका असं मी गल्लीत सांगतो. पण नुसतं सांगून कुणाचं पोर घामोळ्यांचं रडायचं थांबत नाही.

म्हणून आम्ही काहीजण एक अर्ज लिहितोय. भाषा माझी, चुका दुरुस्त करायला बहीण. मागण्या तीनच. मार्चच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत राहत्या घराची वीज थकबाकीसाठी तोडू नये. हप्ता मागणाऱ्याला हप्ता मिळालाच पाहिजे, आणि तो मजुरीच्या हंगामाला बांधलेला असावा, कापसाच्या दिवसांत जास्त, उन्हाळ्यात नावाला. आणि नोटीस कागदावर, मराठीत, घरातल्या माणसाच्या हातात.

अर्ज राज्याच्या वीज आयोगाला जाईल, नक्कल जिल्ह्याच्या साहेबांना. तुमच्या गावात मसुदा पाहिजे असेल तर मागवा, हातानं उतरवून पाठवतो. सोबत कलम ५६ चं मराठीत साधं करून एक पान जोडलंय, ते गल्लीत मोठ्यानं वाचा. पहूरमध्ये सह्या घेतोय. अंगठे जास्त येतायत, सह्या कमी. मावशीनं अंगठा दिला नाही. म्हणाली, मले सही येते, मागच्या साली शिकले. कंदिलाजवळ कागद धरून तिनं पाच मिनिटं लावून नाव लिहिलं. रेचे बंद व्हायला अजून दीड महिना आहे, त्याच्या आत अर्ज द्यायचाय.