नाकाशी थांबायचं कुठे?

अंगठ्याचा सांधा धरला तेव्हापासून ब्लॅकहेड रिमूव्हर शिकाऊ मुलीच्या हाती गेला आणि मी बाजूला उभी राहून नुसती बोलते. बाह्यत्वचेचे थर तिला पाठ आहेत. गालावर चारच, ल्युसिडम फक्त जाड तळहाता-तळपायांना, हेही ती झोपेत सांगेल. पण नाकाशी आली की तिची नि माझी अडचण एकच: थांबायचं कुठे?

बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे कडीखाली रक्ताचा टिपका उमटला, की आपण तो थर ओलांडून आत पोचलो. खूण पक्की, पण मिळते उशिरा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासचा तो थर बोटाला वेगळा लागत नाही. मला लागतो, असं मात्र मी खुशाल भासवत आले. ‘हाताला कळतं गं’ म्हणायचे. खरं तर मी बाईच्या डोळ्याचा कोपरा बघत असायचे. तो आक्रसला की हात उचलायचा.

त्यात नाकावरचे सगळे करडे ठिपके ब्लॅकहेड नसतातच. बरेचसे म्हणजे रंध्राच्या आत तेल आणि मेलेल्या पेशींचं नेहमीचं अस्तर. उपसलं तरी महिन्याभरात पुन्हा भरतं. खऱ्या ब्लॅकहेडचा काळेपणाही मळाचा नव्हे, हे बायकांना पटवता पटवता माझा घसा बसला. आणि वाफेनं रंध्रं ‘उघडतात’ म्हणे! उघडझाप करायला तिथे स्नायू कुठे आहे? वाफेनं आतला ऐवज मऊ होतो, इतकंच.

कोपऱ्यावरच्या नव्या पार्लरात ओढून घेणारं मशीन आलंय. तिथून आलेल्या नाकांवर तपकिरी डाग दिसतात. आपल्या सावळ्या कातडीला जरा इजा झाली की मेलॅनिन वाढतं आणि डाग महिनोन्‌महिने हटत नाही. स्टेरॉइडची मलमं चोपडून पातळ झालेले, लाल शिरा दिसणारे चेहरे तर मी सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे धाडते. ही मलमं 2018 साली शेड्यूल एचमध्ये गेली, तरी चिठ्ठीशिवाय मिळतातच.

मुलगी माझ्यापेक्षा लवकर थांबते. तेच बरोबर आहे. पण मग बाई आरशात नाक निरखते आणि म्हणते, “ताई, शेवटचा हात तुम्हीच फिरवा ना.” अंगठा ठणकत असतो, तरी मी लगेच हात धुवायला जाते.