कानात बसलं पाहिजे!

“मामा, मला इयरफोन घ्यायचाय. पाचशे रुपयांत बसणारा. पण आवाज कसा दणदणीत पाहिजे!”

भाचा नववीत. सुट्टीला आमच्याकडे इचलकरंजीला आला तो खाऊचे साठवलेले पैसे खिशात घेऊनच. म्हटलं, “थांब. आधी घरात परीक्षा घेऊ, मग बाजारात जाऊ.”

तीन इयरफोन जमवले. माझा पाचशेचा, शेजारच्या ताईंचा बाराशेचा आणि घरात पडलेला अडीचशेचा. तिघांची रबरी बोंडं स्वच्छ पुसली आणि तबल्याची एकच ध्वनिफीत तिन्हींवर लावली.

अडीचशेवाल्यात नुसतं धम् धम्! गाणं लावलं तर गायक रांजणात तोंड घालून गातोय असं वाटावं. पण खरी गंमत बाराशेवाल्याची. “ह्यात डग्गा वाजतच नाही की!” म्हणून पठ्ठ्याने आवाज वाढवायला सुरुवात केली.

मी त्याचा हात धरला. बोंडं बदलून मोठी बसवली. भाच्याचे डोळेच मोठे झाले. डग्ग्याचा घुमारा आला होता, तोही आवाज न वाढवता!

असं का झालं? इयरफोनमधला पडदा असतो नखाएवढा. कानाच्या नळीतली इवलीशी हवा तो हलवतो. बोंड सैल असलं, की फटीतून खर्जाचा आवाज निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. मग आपण आवाज वाढवतो. म्हणून पाकिटातली लहान-मोठी बोंडं फेकू नका हं! दोन कानांना दोन मापंही लागू शकतात.

दुसरी परीक्षा आरामाची. इयरफोन घालून अर्धा तास गणितं सोडवायची. बाराशेवाला वीस मिनिटांत टोचायला लागला. पाचशेवाला कानात आहे हेच भाचा विसरला. चालताना मात्र त्याची वायर शर्टाला घासून खरखर व्हायची. वायर कानामागून फिरवून घेतली, तशी ती कमी झाली.

तिसऱ्या परीक्षेला गॅलरीत गेलो. पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट. सैल बोंडांनी आवाज नऊ घरांपर्यंत न्यावा लागला, नीट बसलेल्या बोंडांनी पाचावर भागलं.

तिथेच खुर्चीत आबा बसले होते. बाहेर बघत म्हणाले, “हल्ली चिमण्या येईनातच बघ.”

भाचा चमकला. समोरच्या दोरीवर दोन चिमण्या बसल्या होत्या. चांगल्या चिवचिवत होत्या!

आबांनी तीस वर्षं माग चालवले. कानात कधी कापसाचा बोळासुद्धा घातला नाही. आपल्या अंतर्कर्णात हजारो नाजूक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच आवाज आधी हरवतात. चिमणीचा, कुकरच्या शिट्टीचा... दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा सांगितली आहे. मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी तेवढाच वेळ ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला, की वेळ निम्मा करायचा. म्हणजे तुमच्यासाठी ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला फक्त १०!

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, दणदणीत नको. नीट बसणारा घेऊ.”

पाचशेवालाच घेतला. घरी येताच त्याने मोबाइलमध्ये आवाजाची मर्यादा स्वतः लावली. रस्त्यावर आणि सायकलवर इयरफोन घालायचा नाही, हेही ठरलं. कान बंद असले तर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न कसा ऐकू येणार?

संध्याकाळी बघतो तर इयरफोन खिशात आणि स्वारी आबांच्या खुर्चीजवळ. त्यांच्या समोर वाकून जोरात सांगत होती, “आबा, चिमण्या आल्यात! दोन हायत!”

“व्हय?” आबा हसून म्हणाले, “मग वरडतोस कशाला? उडून जातील की!”