उसवण

"हे त्यांच्या घराण्यातच आहे," असे आपल्याकडे आवाज खाली आणून म्हणतात. लग्नाच्या बैठकीत तर हे वाक्य नुसत्या नजरेनेच इकडून तिकडे जाते. या कुजबुजीत अज्ञान असते तितकेच निरीक्षणही असते. शिकलेली माणसे मात्र ते सहसा मान्य करीत नाहीत.

म्हणूनच अमेरिकेतील एका शिवणकाम करणाऱ्या बाईविषयी मला विलक्षण आदर वाटतो. मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे ती शिवण करीत असे. १८९५ साली त्यांनी तिच्या खिन्नतेचे कारण विचारले. आपण जठराच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने लवकरच जाणार. कारण आमच्या घरातील बहुतेक माणसे तशीच गेली, असे तिने सांगितले. पुढे ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी त्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ साली 'जी घराणे' या नावाने ती प्रसिद्ध केली. (हेच वॉर्थिन सुप्रजननवादाचे पुरस्कर्ते होते, हे मला खटकते, पण ऐकून घेण्याचा त्यांचा गुण त्यामुळे उणा होत नाही.)

१९६० नंतर हेन्री लिंच यांनी अशाच घराण्यांचा चिकाटीने पाठपुरावा केला, आणि २००० साली 'जी घराण्या'तील दोष 'एमएसएच२' या जनुकात सापडला. या जनुकाचे काम म्हणजे निव्वळ रफूगिरी. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तीत चुकीची अक्षरे पडतात. ती हेरून दुरुस्त करवून घ्यायची. प्रत्येकापाशी या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक सदोष असली तरी दुसरी काम भागवते. एखाद्या पेशीत तीही बिघडली, की चुका साचू लागतात. म्हणजे वारशाने येतो तो रोग नव्हे, दुरुस्तीचा कच्चेपणा.

या वंशावळीतील मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट निराळीच आहे. आरंभीच्या पिढ्यांत जठराचा कर्करोग फार होता. पुढच्या पिढ्यांत तो ओसरला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. जनुक तेच, दोष तोच. बदलले होते ते भोवतालचे जगणे. त्या काळात साऱ्या अमेरिकेतच जठराचा कर्करोग घटत होता. खारवलेल्या अन्नाऐवजी शीतकपाटातील ताजे अन्न आले आणि जठरात घर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूचा प्रादुर्भाव कमी झाला, ही त्याची कारणे मानली जातात. वस्त्र कच्चे असले, तरी ते कुठे फाटणार हे पुष्कळसे वापरावर ठरते.

अशा घरातील प्रत्येक मुलाला हा दोष मिळण्याचा संभव निम्मा. आज रक्त तपासून तो आहे की नाही हे सांगता येते. ज्यांच्यात आहे त्यांच्या आतड्याची दुर्बिणीने दर एक-दोन वर्षांनी पाहणी करून, कर्करोग होण्यापूर्वीच अंकुर काढून टाकता येतात. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईपाशी मात्र घरातले मृत्यू मोजण्यापलीकडे कोणतेच साधन नव्हते.