जायफळाच्या कॉफीचा दाणा

मराठवाड्यातलं सेलू चहाचं गाव आहे. स्टेशनावर, मोंढ्यात, तहसीलच्या फाटकाशी, जिथे चार माणसं जमतात तिथे चहा आपोआप येतो. कॉफीच्या वेळा मात्र ठरलेल्या. चहा सोडलेला पाहुणा आला, परीक्षेच्या अभ्यासाला लेकरू जागत बसलं, कुणी पावसात भिजून घरी आलं, की कॉफीचा डबा फळीवरून खाली येतो. आणि मग कपात येते ती मराठी घरांच्या जुन्या ओळखीची कॉफी: भरपूर दूध, सढळ साखर आणि वरून जायफळ.

कॉफीच्या दर्दी मंडळींना ही कॉफी कॉफीच वाटत नाही. दूध आलं की दाण्याची चव गेली, असं त्यांचं म्हणणं. पण या कॉफीला तिची रीत आहे, आणि ती नीट पाळली तर कपात जे उतरतं त्याला तोड नाही. तिच्या वाट्याला बरा दाणा फारसा आला नाही, एवढीच तिची खंत.

रीत साधी आहे. पातेल्यात पाणी आणि साखर उकळायची, गॅस बंद करून पूड टाकायची, वर झाकण. चार-पाच मिनिटांत पूड तळाशी बसते. वरची निवळ फडक्यातून गाळून घ्यायची आणि त्यात कडकडीत तापलेलं दूध ओतायचं. जायफळ अगदी शेवटी. कापलेलं जायफळ उजेडात धरून पाहावं: फिकट गरात तपकिरी शिरांचं जाळं पसरलेलं असतं आणि वास बहुतेक त्या शिरांतल्या तेलाचा असतो. सहाणेवर दोन वेढे दिले तरी दोन कपांना पुरतं. उकळत्या पाण्यात घातलं तर वास वाफेबरोबर निघून जातो आणि जिभेवर नुसता तुरटपणा राहतो.

पूड गरम पाण्यात भिजू द्यायची आणि मग गाळापासून वेगळी करायची, हेच फ्रेंच प्रेसचंही तत्त्व. तिथे फडक्याच्या जागी जाळीचा दट्ट्या असतो, इतकंच. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने 1908 मध्ये कागदी फिल्टरचं पेटंट घेतलं, तेही कपात उतरणारा गाळ नको म्हणून. म्हणजे जे सेलूच्या स्वयंपाकघरात फडक्यावर भागतं, त्यासाठी जगभर तऱ्हेतऱ्हेची भांडी निघाली आहेत.

पूड कुठून येत असे, याची गोष्ट मुंबईत सुरू होते. 1888 साली पेस्तनजी एदलजी दलाल यांनी तिथे कॉफी भाजून, दळून विकायला सुरुवात केली. त्यांच्या पोलसनचं नाव घेतलं की आज लोण्याची आठवण निघते, पण लोणी नंतरचं. आधी होती ती पोलसनची फ्रेंच कॉफी, चिकोरी मिसळलेली. 1900 च्या सुमारास निजामाच्या मुलखातून मनमाड-हैदराबाद मीटरगेज गाडी धावू लागली आणि सेलू त्या रेल्वेवरचं कापसाचं स्टेशन झालं. इथल्या गाठी बाहेर निघाल्या, मुंबईचा माल मनमाडला गाडी बदलून आत येऊ लागला. पुढे 1936 मध्ये मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडलं, ते मुळी देशातल्या लोकांनी देशातली कॉफी प्यावी म्हणूनच.

चिकोरीला नावं ठेवायची रीत आहे. ती एका झाडाचं मूळ. सुकवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफिन नाही. ती रंग गडद करते, अर्काला दाटपणा आणि थोडा कडवट गोडवा देते, आणि दूध जास्त असलेल्या कपात हा दाटपणा कामी येतो. कायद्याने तिचं प्रमाण 49 टक्क्यांपर्यंत चालतं आणि ते पाकिटावर छापावं लागतं. दुधाच्या कॉफीला 20 टक्के पुष्कळ झाले. 40च्या पुढे गेलं की कॉफी मागे पडते आणि मूळच बोलू लागतं. दुकानात पाकीट उलटून हा आकडा वाचणं ही चांगल्या कॉफीची पहिली पायरी.

दुसरी पायरी दाण्याची. परंपरा सांगते की सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संताने येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. आजही देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. तिच्या जातींपैकी अरेबिका नाजूक, सुगंधी, किंचित आंबटसर. रोबस्टा रांगडी, कडू, कॅफिन जवळपास दुप्पट. फळात सहसा दोन चपटे दाणे समोरासमोर असतात. कधी एकच गोल दाणा भरतो, तो पीबेरी. दुधाच्या कॉफीसाठी बरेच शौकीन तोच मागतात.

जायफळाच्या जोडीला मात्र मॉन्सून्ड मलबार शोभतो. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जात, त्या काळी महिनोन्‌महिने दमट हवा खाऊन कॉफीचा दाणा फुगायचा, पिवळा पडायचा, आणि तिकडच्या लोकांना त्याच चवीची गोडी लागली. प्रवास छोटा झाला तेव्हा ती चव मुद्दाम घडवावी लागली. मंगळूरकडच्या उघड्या गोदामांत जून ते सप्टेंबर दाणे पसरून, हलवून पावसाळी वाऱ्यावर ठेवतात. आंबटपणा जवळजवळ जातो, मातकट, मसाल्याकडे झुकणारा गंध येतो. दूध आणि जायफळ या गंधाला दाबत नाहीत, उलट उचलून धरतात.

फडक्याऐवजी दाक्षिणात्य पितळी फिल्टर हवा असेल तर मुंबईत माटुंग्याची वाट धरावी. तिथे दाक्षिणात्य वस्तीमुळे डोळ्यांसमोर दाणे दळून देणारी दुकानं टिकली आहेत आणि चिकोरी किती घालायची ते गिऱ्हाईक सांगतं. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड भरायची, चकतीने हलकेच दाबायची, गरम पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. पूड फार बारीक असेल तर भोकं बुजतात. फार भरड असेल तर पाणी रिकाम्या हाताने खाली उतरतं.

सेलूच्या लग्नांत आणखी एक कॉफी भेटते. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात यंत्र फुसफुसतं, वाफेची नळी दुधाच्या जगमध्ये शिरते, फेसावर चॉकलेटची पूड भुरभुरते. तिला एस्प्रेसो म्हणतात. इटलीतल्या एस्प्रेसोत हवेच्या नऊपट दाबाने गरम पाणी पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत काढतात. इथे वाफ फक्त दुधावर काम करते. थंडीतल्या लग्नात मात्र पोरं तिच्यासाठी पुन्हा पुन्हा रांग लावतात आणि कित्येकांची कॉफीशी पहिली ओळख तिथेच होते.

मराठवाड्यात एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्यायला हवं, ती म्हणजे पाणी. बोअरचं पाणी बहुधा जड. त्यातले क्षार कॉफीतला आंबटपणा मारतात आणि महागाचा दाणाही सपाट लागतो. म्हणून कॉफीला शुद्ध केलेलं पाणी वापरावं. दुसरा शत्रू मे महिना. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्या पाकिटातली पूड आठवड्यात मरगळते. घट्ट झाकणाचा डबा आणि थोडी थोडी खरेदी हाच त्यावरचा उपाय.

आणि दाणा कर्नाटकातूनच आणायला हवा असंही नाही. सेलूच्या काळ्या रानात, एवढ्या उन्हात कॉफी जगणार नाही. तिला उंची, सावली आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. ही तिन्ही मेळघाटात आहेत. अमरावती जिल्ह्यात, सुमारे 1100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत, आणि महाराष्ट्रात कॉफीच्या बागेचं नाव निघालं की बोट तिकडेच जातं. उत्पादन थोडं, बाजार छोटा. पण मराठी घराच्या जायफळाच्या कॉफीला मराठी मातीतला दाणा मिळावा, याहून सरळ मागणी दुसरी कोणती? तिकडे कुणी सहलीला निघालं असेल तर त्याला पावशेर आणायला सांगावं. आल्यावर पहिला कप दुधाशिवाय, साखरेशिवाय प्यावा, म्हणजे दाणा काय बोलतो ते कळेल. दुसऱ्यासाठी सहाण काढावी.