सुफेन, दुष्फेन आणि आजोबांचे मासे

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ‘हार्ड वॉटर’ची व्याख्या मला पाठ होती, पण त्याला मराठीत काय म्हणतात याचा पत्ता नव्हता. ‘जड पाणी’ म्हणावं, तर ते अणुभट्टीतलं! शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माझ्या रूममेटने सांगितलं, "अगं, दुष्फेन!" ज्याला साबणाचा फेस येत नाही ते दुष्फेन, येतो ते सुफेन. एका शब्दात अख्खा धडा!

हा विषय निघाला तो आजोबांच्या फिशटँकमुळे. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी मिरजेच्या घरी टँक मांडला. निऑन टेट्रा चांगले रुळले होते. पण गेल्या उन्हाळ्यात एकामागून एक मरायला लागले. आजी म्हणाली, "मुक्या जिवांचं पाप घरात नको, देऊन टाका कुणाला तरी." आजोबा एवढंच म्हणाले, "माझ्या हाताला यश नाही." आणि टँकसमोरची खुर्ची त्यांनी आत नेऊन ठेवली. ते मला फार लागलं.

मिरजेच्या नळाला कृष्णेचं पाणी. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने जे पाणी गेलं, ते मिरजेहूनच. पण उन्हाळ्यात आमच्याकडे नळ कमी वेळ येतो, मग वरच्या वापराला बोर. टँकमध्येही तेच. बोरचं पाणी येतं काळ्या मातीखालच्या बेसॉल्टमधून. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. बोरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे आजीला टायट्रेशनशिवाय माहीत आहे.

मी दोन्ही पाण्यांच्या बाटल्या लॅबमध्ये आणल्या. फर्स्ट इयरचंच प्रॅक्टिकल : अमोनिया बफर, इरिओक्रोम ब्लॅक टी आणि वाइन रेडचा निळा होईपर्यंत थेंब थेंब ईडीटीए. बोरच्या पाण्याला नळाच्या तिपटीहून जास्त ईडीटीए लागलं! माणसाला त्याचं काही नाही. आपल्याकडच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा दुष्फेनपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. पण निऑन टेट्रा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या सुफेन पाण्यातला. त्यातही खरा घात अचानक बदलाचा. अंगातल्या क्षारांचा तोल माशाचे कल्ले आणि मूत्रपिंडं सांभाळतात. एका दिवसात पाणी पालटलं की तो सुटतो. दोन बाटल्यांनी सगळं सिद्ध होत नाही, पण मासे मरायला लागले ते बोरचं पाणी भरल्यापासूनच.

उपाय काय? उकळलं तर फक्त बायकार्बोनेटमुळे आलेला, म्हणजे तात्पुरता दुष्फेनपणा जातो. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो, पण बदल्यात सोडियम देतो. आरओ जवळजवळ सगळंच काढतो, अगदी पीएच स्थिर ठेवणारे बायकार्बोनेटसुद्धा! त्यापेक्षा पाण्याला साजेसे मासे आणावेत. गप्पी आणि मोली दुष्फेन पाण्यात मजेत राहतात. पाणी एका वेळी पाव टँकच बदलायचं आणि नळाचं पाणी क्लोरिन उडून जायला एक दिवस उघडं ठेवायचं. टँकमधलं पाणी आटलं म्हणून नुसती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफ होते पाण्याची, क्षार मागेच राहतात.

हे सगळं आजोबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे पाणी होतं तर." चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये माझं एवढं उपयोगी पडलेलं प्रॅक्टिकल दुसरं नाही.

ता. क. : होस्टेलच्या हीटर रॉडवर बसतो तो पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. (रेक्टर मॅडमनी हे वाक्य वाचू नये!)