रतनवाडीची वाट आणि पिकअपचे पाटे

वाचकहो, अकोल्याहून राजूरमार्गे भंडारदऱ्याला जाणारी वाट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. न पाहिलेल्यांनी एकदा आश्विनात जावे. पाऊस सरत आलेला असतो, भात पोटरीतून बाहेर पडून दाणा भरू लागलेले असते आणि उतारावर खुरासणीची पिवळी फुले डोलत असतात. वाटेत रंधा धबधब्याचा घोष कानी येतो. मग येते शेंडी गाव आणि प्रवरेवरचे भंडारदरा धरण. या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. धरणाच्या पाण्याला वळसा घालून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर असे फिरत पुन्हा शेंडीला येता येते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला रतनगडाचा पहाड. पाहणाऱ्याचे डोळे निवतात. पण पावसाळ्यानंतर त्याच वाटेवरचे खड्डे पाठीचा हिशेब चुकता करतात.

मी शेतीखात्याचा माणूस. भातावरचा करपा पाहण्यासाठी मला साम्रदला जायचे होते. मुतखेलकडचे एक ओळखीचे शेतकरी त्यांची पिकअप घेऊन राजूरला आले होते. चारही चाकांना जोर देणारी, चिखलातून सहज निघणारी ती गाडी. "साहेब, बसा. शेंडीहून वीस गोण्या सिमेंट घेऊन मीबी साम्रदलाच चाललोय," ते म्हणाले. मी बसलो आणि पहिल्याच खड्ड्यात डोके टपाला लागले. गाडीचा मागचा भाग घोड्याने लाथ झाडावी तसा उसळत होता.

मी गप्प राहिलो, आणि त्याला कारण होते. मागच्या वर्षी याच तक्रारीवर मी त्यांना ऐटीत सांगितले होते, "मागचे शॉकअप गेले असतील, बदलून टाका." त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दोन्ही शॉकअप नवे बसवले. पैसे गेले, उसळणे तसेच राहिले. पान पिवळे दिसले की मूळ न उकरता औषध मारू नका, असे मी गावोगाव सांगत फिरतो. इथे मात्र मीच मूळ उकरले नव्हते.

"आई अकोल्यात बहिणीकडं हाये," ते वाटेत म्हणाले. "खुब्याचं हाड मोडलं होतं, आपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. पण आई म्हणती, तुझ्या गाडीत बसायचं असंल तर मी हितंच मरते." ते हसले, पण हसण्यात जीव नव्हता. तेव्हा मी ठरवले, या खेपेला अंदाज सांगायचा नाही. एकेक गोष्ट तपासायची.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर हा क्रम ध्यानात ठेवा. त्याआधी एक गोष्ट समजून घ्या. पिकअप ओझ्यासाठी बनवलेली असते. हौदा रिकामा असताना ती थोडी ताठ चालणारच. तो काही दोष नव्हे. ओझे भरल्यावर तिने नरम व्हावे. भरूनही ती आदळत असेल, तर कुठेतरी काहीतरी अडले आहे असे समजावे.

शेंडीला गोण्या भरण्याआधी आम्ही टायरची हवा मोजली. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे दिलेले होते. आमचे स्नेही बारा महिने भरल्या गाडीची हवा ठेवत होते. राजूरपासूनच्या रिकाम्या प्रवासात डोके आपटण्याचे एक कारण इथेच सापडले. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी. तपासण्याची ही सर्वांत स्वस्त गोष्ट, म्हणून पहिली.

मग मी खडू मागितला. पिकअपच्या मागे पोलादी पाट्यांची कमान असते. तिचे पुढचे टोक गाडीच्या सांगाड्याला पिनेने जोडलेले असते आणि मागचे टोक शॅकल नावाच्या दोन पट्ट्यांना टांगलेले असते. ओझे पडले की कमान सपाट होते, म्हणजेच लांब होते. त्या वाढलेल्या लांबीला जागा देण्यासाठी शॅकल झोपाळ्याच्या कडीसारखी मागे झुकते. गाडी रिकामी असताना दोन्ही शॅकलपाशी खडूच्या रेघा ओढल्या. सांगाड्याखाली धक्का सोसण्यासाठी रबरी ठोकळे असतात, त्यांना ओली माती फासली. मग वीस गोण्या भरून निघालो.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या जुन्या देवळापाशी थांबलो. यात्रेकरू देवळाचे कोरीव खांब पाहत होते आणि आम्ही दोघे गाडीखाली डोकावत होतो! ठोकळ्यावरची माती जशीच्या तशी होती. म्हणजे धुरा वर येऊन ठोकळ्यावर आदळत नव्हता. खडूची उजवी रेघ बोटभर सरकली होती. डावी रेघ मात्र जागची हललीच नव्हती. एक टन ओझे पडूनही डावी शॅकल मुकी बसली होती. कडीच अडकली तर झोपाळा झुलणार कसा?

साम्रदला गोण्या उतरवल्या, मी भात पाहिले, आणि परतताना रिकाम्या गाडीची हवा पट्टीवरच्या आकड्याइतकी कमी केली. उसळणे थोडे कमी झाले, पण गेले नाही. दुसऱ्या दिवशी राजूरच्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी गाडी उचलून आधी सांगाड्याखाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. त्यांनी शॉकअपचे खालचे टोक सोडून हाताने वरखाली करून पाहिले. दोन्हीकडे सारखा, संथ विरोध लागला. ते चांगले होते. शॉकअपमधले तेल गळून गेले तर गाडी बहुधा झुलत राहते. त्याचा दांडा वाकून अडकला तरच ती ताठ होते. हे मला वर्षापूर्वी ठाऊक असते, तर त्या घरचे पैसे वाचले असते.

डावी शॅकल पिन हातोड्याशिवाय निघेना. भातखाचरांतला चिखल शिरून ती बुशात गंजून घट्ट बसली होती. पाट्यांच्या मधेही गंजाचे पोपडे धरले होते. पाटे एकमेकांवर घसरले तरच कमान लवते. गंजाने धरले तर ती एकच जाड लोखंडी पट्टी होऊन बसते. मग मिस्त्रींनी पाटे मोजले आणि मान हलवली. "दादा, ह्ये दोन वरून घातलेत."

स्नेह्यांनी कबुली दिली. टोमॅटोचे जास्त क्रेट बसावेत म्हणून गाडी घेतल्यावर त्यांनीच दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून घेतले होते. "काढले तर खेपेला माल कमी बसंल," ते म्हणाले. मिस्त्री पाना पुसत म्हणाले, "पाटा वाढला म्हनून ब्रेक वाढत न्हाई, धुरा वाढत न्हाई, टायर वाढत न्हाई. आन रिकाम्या गाडीत मानूस बसतो, त्येचं काय?"

वाचकहो, ते घर टोमॅटोवर चालते. खेपेमागे कमी क्रेट म्हणजे हंगामात जास्त खेपा, जास्त डिझेल. ते बराच वेळ बोलले नाहीत. मी या वेळी सल्ला दिला नाही, एवढेच विचारले, "तळचे क्रेट बाजारात कसे उतरतात?" ते म्हणाले, "फुटतात. अडत्या भाव पाडतो." मग त्यांनी स्वतःच पाने उचलून मिस्त्रींच्या हातात दिले. "काढा."

जादा पाटे निघाले, बाकीचे घासून साफ झाले, नवे बुश बसले. इथे मिस्त्रींनी एक गोष्ट केली, ती लक्षात ठेवा. रबरी बुशाचे नट त्यांनी गाडी अधांतरी असताना पक्के आवळले नाहीत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावरच शेवटची आवळणी केली. तसे न केल्यास रबर पिळलेले राहते, गाडी ताठ चालते आणि बुश लवकर फाटतो. रबरी बुशाला साधे ग्रीस लावू नये. जिथे ग्रीससाठी निपल दिले असेल, तिथेच भरावे. पाटे धुऱ्याला बांधणारे यू बोल्ट चार-आठ दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा आवळून घ्यावेत. आणि खाचरातून गाडी बाहेर काढली की बैलांच्या खुरांतला चिखल काढतो, तसे तिचे पाटेही पाण्याने धुवावेत.

चार दिवसांनी मी त्याच गाडीने अकोल्याहून निघालो. पुढच्या सीटवर उशी घालून आजी बसल्या होत्या, दाराचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरून. लेक गाडी हळू चालवत होता. पहिला खड्डा आला. आजींनी डोळे मिटले. गाडी दबली, सावरली, पुढे गेली. राजूर येईपर्यंत आजींचा एक हात दांड्यावरून सुटून मांडीवर आला होता.

राजूरच्या बाजारात त्या म्हणाल्या, "थांबीव रं. नातवंडांला पेढं घ्यायचं हायेत."

मी उतरून पेढे आणले. आजींनी त्यातला एक माझ्या हातावर ठेवला. वर्षापूर्वीचा माझा सल्ला त्यांच्या लेकाने घरी सांगितला होता की नाही, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही.