आधी गाणी, मग कथा

नाटकात सहसा कथा आधी येते, गाणी नंतर. ‘मामा मिया!’ या इंग्रजी संगीत नाटकात क्रम उलटा आहे. ‘ॲबा’ या स्वीडिश वाद्यवृंदाची गाणी पूर्वीच गाजलेली होती. त्यांवर नाटक उभे करण्यासाठी निर्मात्या जुडी क्रेमर यांनी आपला फ्लॅट विकला. (भांडवल उभारण्याची ही रीत कोणत्याही पेढीला मानवणार नाही!) कॅथरिन जॉन्सन यांनी गाण्यांच्या मापाने कथा बेतली आणि ६ एप्रिल १९९९ रोजी लंडनमध्ये पडदा उघडला. शाळेला निघालेल्या चिमुकल्या मुलीकडे पाहून ब्यॉर्न उल्व्हेयस यांना सुचलेले गीत येथे आई गाते, ते मुलीला वधूवेष चढवताना. बाकी प्रयोगभर नाचगाण्याची धमाल असली, तरी खरे नाट्य याच शांत प्रसंगात आहे.